खलनायिकेचे पारणे



चातुर्मासात या सदराच्या टपालाचे वजन वाढते. एरवी येणारी पत्रे एका पानाची असतात. मुलगा ऐकत नाही, गुडघे दुखतात, पर्युषणात नोकरीतून रजा मिळत नाही, असे त्यांचे विषय. चातुर्मासातली पाकिटे मात्र जाड असतात आणि त्यांत कादंबरीचे पहिले प्रकरण असते. सोबतच्या चिठ्ठीत ‘आपले दोन शब्द कळवावेत’ अशी नम्र विनंती असते. दोनच शब्द कळवायचे तर ‘पुन्हा लिहा’ एवढे लिहून मोकळे होता येईल. परंतु लेखकाला अपेक्षित असलेले दोन शब्द निराळे असतात. म्हणून यंदा आलेल्या पाकिटांपैकी दोन निवडून त्यांचा जरा सविस्तर विचार करीत आहे. लेखकांची नावे व गावे अर्थातच गाळली आहेत.

पहिले पाकीट भुसार मालाच्या आडतीतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ बंधूंचे आहे. त्यांची ऐतिहासिक कादंबरी ६४० पानांची असून तिच्यात तीन लढाया आहेत. एका प्रकाशकाने हस्तलिखित हाती पडताच आठ दिवसांत ‘अप्रतिम’ असा अभिप्राय दिला आणि छपाईच्या खर्चाचा आकडा कळविला. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. पंचाहत्तरीच्या सोहळ्यात प्रकाशन व्हावे ही इच्छा. दुसरे पाकीट एका भगिनीचे. दुपारी घर झोपलेले असताना तिने अकरा वह्या भरल्या आहेत. कथा एकत्र कुटुंबाची आणि खलनायिका थोरली जाऊ. जावेच्या स्वभावाचे, बोलण्याचे, चालण्याचे वर्णन इतके हुबेहूब साधले आहे की, पुस्तक निघाल्यास नातेवाइकांना ओळख पटवून द्यावी लागणार नाही. ‘हे छापणे हिंसा ठरेल काय?’ असे तिने विचारले आहे. या सदराला आजवर आलेल्या प्रश्नांत इतका प्रामाणिक प्रश्न क्वचितच आला असेल.

आधी आडतदार बंधूंकडे वळू. कारण त्यांना घाई आहे. घाई करणाऱ्याने ‘कादंबरी’ हे नाव कोठून आले ते ध्यानात घ्यावे. बाणभट्टाच्या ज्या संस्कृत ग्रंथावरून या साहित्यप्रकाराला मराठीत हे नाव पडले, तो ग्रंथ बाणाच्या हातून अपुराच राहिला. त्याच्या मुलाने तो पुरा केला. म्हणजे नामकरणापासूनच या कामाला मुदतीचे बंधन नाही. मात्र आपले चिरंजीव बाणाच्या चिरंजीवांसारखे निघतीलच अशी खात्री नसल्याने शेवटचे प्रकरण आपण स्वतःच लिहिलेले बरे.

आता ६४० पाने. आपल्या परंपरेत लांबीचा हिशेब नवा नाही. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस ‘ग्रंथाग्र’ नोंदलेले असते. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, असे मोजून लेखनिकाची मजुरी ठरत असे. आजचा संपादक शब्दसंख्या विचारतो तेव्हा कलेचा अपमान झाला असे समजणाऱ्यांनी हे आठवावे. आणि लांबीचे काय होते याचे उदाहरण तर घरचेच आहे. पादलिप्तसूरींनी प्राकृतात ‘तरंगवती’ नावाची प्रेमकथा रचली. परंपरा त्यांचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजसभेशी जोडते. ती कथा एवढी गाजली की, पुढच्या कवींनी तिचे नाव आदराने घेतले. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहे तो त्याचा संक्षेप, ‘तरंगलोला’. संक्षेपकर्ता आरंभीच कारण सांगतो की मूळ कथा फार विस्तृत आणि अवघड आहे, पंडितांखेरीज तिच्या वाटेला कोणी जात नाही, म्हणून ती नष्ट होऊ नये यासाठी हा संक्षेप केला. त्याने कापले म्हणून कथा उरली. आपल्या ६४० पानांचा संक्षेप करणारा भविष्यकाळात कोणी जन्मेल, या भरवशावर राहू नये. ते काम आजच, आपल्याच हाताने करावे. पहिल्या प्रकरणातील सूर्योदय काढल्यास चार पाने वाचतील. नायकाच्या सात पिढ्यांची माहिती काढल्यास आणखी अकरा.

परंतु त्या पहिल्या प्रकरणात मला सर्वाधिक खटकली ती गोष्ट लांबीची नव्हे. चाळीस वर्षे ज्यांनी आडतीच्या गादीवर बसून माणसे पाहिली, त्यांच्या कादंबरीत एकही दुकान नाही. पहाटे बैलगाड्यांतून उतरणारी पोती, हाताच्या पंजावर रुमाल टाकून बोटांनी ठरणारा भाव, रोकड-मेळ जुळेना म्हणून रात्री अकरापर्यंत बसलेला मुनीम, उचल मागायला आलेला आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळणारा शेतकरी, यांतले काहीही नाही. आहेत त्या तलवारी. लेखकाने आयुष्यात तलवार धरली नाही हे तिसऱ्या पानावरच कळते. कारण ती प्रत्येक वेळी ‘लखलखते’, दुसरे काही करीत नाही.

याउलट उद्योतनसूरींचे पाहा. ते सर्वसंगपरित्याग केलेले साधू. त्यांनी ‘कुवलयमाला’ ही कथा शके ७०० संपायला एक दिवस उरला असताना, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, जाबालिपुरात, आजच्या जालोरला, पूर्ण केली. या अपरिग्रही मुनींनी आपल्या कथेत बाजार भरविला आहे. आपल्या नालासोपाऱ्याचे जुने सोपारक बंदर त्यात आहे. तेथे देशोदेशीचे व्यापारी एकत्र बसून कोणी कोठे काय नेले आणि काय आणले ते एकमेकांना सांगतात. एक जण तर कडुनिंबाची पाने घेऊन रत्नद्वीपाला गेला आणि रत्ने घेऊन परतला. दुसऱ्या एका नगराच्या बाजारात त्यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांच्या बोलण्याची ढब टिपली असून त्यांत आपली मराठी माणसेही आपल्या बोलीसह उभी आहेत. सौदा न करणाऱ्या साधूला बाजार दिसला आणि ज्यांचे आयुष्य बाजारात गेले त्यांना तो लिहिण्याजोगा वाटला नाही! आडतदार बंधूंनी तलवारी म्यान करून दुकानाचे कुलूप उघडावे. तीनशे पानांत मावेल आणि ती पाने दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाहीत.

उपदेशाचेही थोडे सांगतो. कारण आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ कादंबऱ्यांत नायक निदान एकदा तरी नऊ पानी प्रवचन देतो आणि दुष्ट पात्रे ते ऐकून सुधारतात. कुवलयमालेतही उपदेश आहे, भरपूर आहे. पण तो ऐकण्यापूर्वी वाचकाने जहाज फुटताना पाहिलेले असते. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्यासाठी त्यात चंडसोम, मानभट, मायादित्य, लोभदेव आणि मोहदत्त अशी पाच जितीजागती माणसे आहेत. मायादित्य मित्राबरोबर प्रतिष्ठानला जाऊन धन मिळवतो, त्याची रत्ने घेऊन परतताना मित्राला फसवायचा बेत करतो, खड्यांची खोटी पुरचुंडी बांधतो आणि पळण्याच्या गडबडीत खोटीच पुरचुंडी घेऊन धावत सुटतो. हे वाचून आधी हसू येते. माया या कषायावर यानंतर कितीही गंभीर बोलले तरी वाचक ऐकायला तयार असतो.

आता त्या भगिनीचा प्रश्न.

तिच्या अकरा वह्यांतली जाऊ पहिल्या पानापासून दुष्ट आहे. दुधात पाणी घालते, सासूचे कान भरते, धाकटीच्या माहेरच्यांना चहा देताना कपबशी आपटते. का करते, हे कोठेही येत नाही. ती दुष्ट आहे म्हणून दुष्टपणा करते आणि दुष्टपणा करते म्हणून दुष्ट आहे. लेखनाच्या दृष्टीने हा दोष आहेच. पण तिने विचारलेल्या हिंसेचे मूळही मला येथेच दिसते.

हरिभद्रसूरींची ‘समराइच्चकहा’ आठव्या शतकातली, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात एक जीव दुसऱ्याचा नऊ जन्म सूड घेतो. इतक्या दीर्घ वैराचा आरंभ हरिभद्रांनी कोठे केला आहे? खलनायकाच्या दुष्टाव्यात नव्हे. नायकाच्या चेष्टेत! राजपुत्र गुणसेन हा पुढे मोठा गुणी होणारा पुरुष. परंतु लहानपणी तो पुरोहिताच्या कुरूप मुलाची, अग्निशर्म्याची, टवाळी करतो. त्याला गाढवावर बसवून, वाद्ये वाजवीत, पोरांच्या घोळक्यातून मिरवितो. रोजच्या या छळाला कंटाळून अग्निशर्मा घर सोडतो आणि तापस होतो. महिन्याचा उपवास, पारण्याच्या दिवशी पहिल्याच घरी भिक्षेला जाणे, तेथे मिळाले नाही तर परत फिरून पुन्हा महिन्याचा उपवास, असे त्याचे व्रत असते.

पुढे राजा झालेल्या गुणसेनाची व त्याची गाठ पडते. राजाला पश्चात्ताप होतो, तो आदराने पारण्याचे आमंत्रण देतो. पारण्याच्या दिवशी राजाचे डोके भयंकर दुखू लागते, सारा राजवाडा त्याच धावपळीत. दारी आलेल्या तापसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो परततो. राजा दुःखी होतो, क्षमा मागतो, पुन्हा आमंत्रण देतो. या वेळी शत्रू चालून आल्याने सैन्याची निघण्याची गडबड. तिसऱ्या वेळी राजाला पुत्र झालेला असतो आणि वाड्यात आनंदोत्सव चाललेला असतो. तापस तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परततो.

ज्या घरांत मासक्षमण झालेले आहे त्या घरांतील वाचकांना येथे काय वाटत असेल ते मी सांगायला नको. पारण्याच्या सकाळी घरात केवढी लगबग असते, कोण पहिला घोट देणार यावरून कसे प्रेमाचे भांडण होते! आणि हा मनुष्य तीन महिन्यांचा उपाशी, वाजंत्री ऐकत उभा आहे. त्याला लहानपणीची वाजंत्री आठवली नसेल काय? त्याला वाटते की राजा अजूनही आपली चेष्टाच करीत आहे. त्या क्षणी त्याच्या मनात क्रोध उसळतो आणि जन्मोजन्मी याचा घात करीन, असे निदान तो करून बसतो. त्याचा समज चुकीचा आहे हे आपल्याला ठाऊक असते. राजा निर्दोष आहे हेही ठाऊक असते. तरीही अग्निशर्म्याच्या जागी आपण असतो तर, हा विचार मनातून जात नाही. हरिभद्रांनी त्याला सोडलेले नाही. त्याच्या कर्माची फळे त्याला नऊ भवांत भोगावी लागतात. परंतु त्याच्या बाजूने दोन पाने आधी लिहून ठेवली आहेत.

तेव्हा भगिनी, तुमच्या जाऊबाईंचे पारणे कोणी चुकविले, ते आधी शोधा. त्या या घरात आल्या तेव्हा वय काय होते? धाकटीला मिळालेले कौतुक त्यांच्या वाट्याला आले होते काय? त्यांच्या माहेरच्यांना कधी कोणी कपबशी आपटून चहा दिला होता काय? दुधातले पाणी कोणाच्या सांगण्यावरून सुरू झाले? एक प्रकरण त्यांच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिहा. ते कादंबरीत ठेवलेच पाहिजे असे नाही. पण ते लिहून झाल्यावर बाकीच्या अकरा वह्या तुम्हाला जशाच्या तशा ठेववणार नाहीत, असे मला वाटते. अनेकांत हा शब्द आपण व्याख्यानांत फार वापरतो. स्वयंपाकघरातल्या शत्रूच्या नयाने एक संपूर्ण प्रकरण लिहिणे, ही त्याची जरा कठीण परीक्षा. तिने केलेले सगळे योग्यच होते असे दाखवा, असे मी म्हणत नाही. अन्याय झाला असेल तर तो लिहा, पूर्ण लिहा. गोड करून लिहिलेली कादंबरी कोणाच्याच उपयोगाची नसते.

राहिली ओळख पटण्याची भीती. लेखक मंडळींचा समज असा की, नाव ‘सुशीला’चे ‘सुनंदा’ केले आणि सांगलीचे सोलापूर केले म्हणजे झाले. आपला समाज एवढा लहान आहे की, लुगड्याचा रंग बदलल्याने कोणी फसत नाही. उलट बदललेल्या रंगाचीच चर्चा होते. वेष बदलायचा तर मुळातून बदलावा: धाकटीचा दोष थोरलीला द्यावा, थोरलीचे दुःख एखाद्या दिराला द्यावे, स्वतःची एक खोड खलनायिकेच्या पदरात टाकावी. शेवटचा उपाय विशेष गुणकारी आहे. त्याने पात्र जिवंत होते आणि लेखिकेचा स्वर आपोआप खाली येतो. एवढे करूनही एखादी व्यक्ती ओळखू येणारच असेल, आणि पुस्तकाने तिच्या चरितार्थाला किंवा तिच्या मुलांच्या सोयरिकीला खरोखर धक्का बसणार असेल, तर छपाई थांबवावी. वह्या कोठे पळून जात नाहीत. प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी संवत्सरीचे ‘मिच्छा मि दुक्कडम्’ लिहून पाठविता येईल, या हिशेबाने लिहू नये. अशी एक क्षमापना-पत्रिका माझ्या पाहण्यात आहे. ती पुस्तकात खूण म्हणून घालून पाठविली होती, नेमकी त्या व्यक्तीच्या प्रकरणाजवळ.

आता प्रकाशन, पैसा आणि मुदत ठेव.

ठेव मोडू नये. आठ दिवसांत ६४० पाने वाचून ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याने बहुधा पानांचा गठ्ठा तळहातावर तोलून पाहिला असावा. रीतीचा प्रकाशक लेखकाला मानधन देतो, घेत नाही. ते मराठीत साधारणपणे छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यावर कोणाची पंचाहत्तरी साजरी होत नाही, हेही खरे. स्वखर्चाने पुस्तक काढणे हा काही अपराध नव्हे. नातवंडांसाठी आठवणी छापाव्यात, आनंदाने छापाव्यात. मात्र त्यासाठी सरळ मुद्रकाकडे जावे, दोन-तीन ठिकाणचे दर काढावेत, आणि लागतील तेवढ्याच प्रती घ्याव्यात. आडतदाराला दर काढायला मी शिकवावे हे विनोदी आहे. पण तुरीच्या भावात चार आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारी माणसे स्वतःच्या कादंबरीच्या कराराखाली न वाचता सही करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

करारात काय पाहावे? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार पुस्तक लिहिताच हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावे. आयएसबीएन मिळवून देण्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर त्याला नम्रपणे सांगावे की भारतात तो क्रमांक विनामूल्य मिळतो. छापलेल्या प्रती किती, न खपलेल्या कोणाच्या गोदामात राहणार आणि हिशेब वर्षातून केव्हा मिळणार, हे लेखी घ्यावे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर प्रती आपल्याच दिवाणाखाली राहणार, असे समजावे.

काही मंडळी शास्त्रदानाचा दाखला देतात. दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्नकवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती हाताने लिहवून घेतल्या आणि वाटल्या, अशी परंपरा सांगते. मुद्रणकला नसताना हजार! आज यंत्र असूनही मराठी कादंबरीची हजारांची आवृत्ती काढताना प्रकाशक दोनदा विचार करतो. दाखला थोर आहे; पण एक तपशील विसरला जातो. ते पुराण पोन्नाचे होते. अत्तिमब्बेने स्वतःचा ग्रंथ वाटला नव्हता.

मग नवोदिताने जावे कोठे? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचे नियम वाचून अर्ज करावा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ मधल्या ‘मनोरंजन’च्या अंकापासूनची आहे. त्यांत लघुकादंबरीला आजही जागा असते, मात्र मजकूर पावसाळ्याच्या आरंभीच धाडावा लागतो, अनंत चतुर्दशीनंतर नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आधी ‘करमणूक’मधून क्रमशः आल्या, मग पुस्तकरूप झाल्या. एखादे प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून कोणी छापते का, हे पाहण्यात कमीपणा नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा आणि त्याच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील थोर प्राकृत पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कुवलयमालेचे संपादन केले, तेव्हा त्यांना आधाराला दोनच हस्तलिखिते होती: एक जेसलमेरचे ताडपत्री, दुसरे पुण्याचे कागदी. दोन होती म्हणून एकातल्या गळलेल्या जागा दुसऱ्यावरून भरता आल्या.

आणि प्रकाशकाच्या आधी एक वाचक गाठावा. तो नातेवाईक नसावा, आपला ऋणको तर मुळीच नसावा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल या कामाला उत्तम. लोक कोणते पुस्तक विसाव्या पानावर घडी घालून परत करतात हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्यांना मते विचारू नयेत. ‘कोठे थांबलात?’ एवढेच विचारावे आणि पृष्ठक्रमांक लिहून घ्यावा.

आडतदार बंधूंनी ठेवीवरचे व्याज घेऊन एक चांगली खुर्ची आणावी, कारण दुकानाची कादंबरी लिहायला वर्ष तरी लागेल. पंचाहत्तरीला मोतीचूर पुरे. भगिनीने जाऊबाईंचे प्रकरण लिहून झाले की तेवढेच मला पाठवावे. बाकी वह्या सध्या घरीच असू द्याव्यात, शक्यतो कुलपात.

पुढील अंकात गुडघेदुखीची राहिलेली पत्रे घेऊ.